अंजूरच्या घड्याळाची किंमत

जुनी घड्याळं जमवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर नाही. असं म्हणणं कृतघ्नपणाचं आहे, कारण माझी चूल त्यांच्यावरच पेटते. पण त्यांना मी जितकं जवळून पाहिलं आहे तितकं त्यांच्या घरच्यांनीही पाहिलेलं नसेल.

भिवंडीत माझा एक गाळा आहे. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने. लोकांना वाटतं मी घड्याळं दुरुस्त करतो. करतोही, पण मला बोलावणं येतं ते बघण्यासाठी. भिंतीवरचं किंवा शेल्फवर ठेवायचं जुनं घड्याळ अस्सल आहे की बनवलेलं, मशीन मूळचं आहे की दुसऱ्या कुणाचं, पेटी कधीची, तबकडी कधीची, आणि एकूण वस्तूची लायकी काय, हे मी सांगतो. शेजारच्या खडखडाटात हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, म्हणून मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या पत्र्याला टेकवतो आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावतो. चालीत खोट असेल तर ती हाडातून कळते. ही युक्ती माझ्या वडिलांची. ते लूमचे फिटर होते आणि चालत्या मशीनचं बेअरिंग असंच ऐकायचे. त्यांचा व्हिडिओ कुणी काढला नाही. माझा मात्र ठाण्या-पुण्याहून आलेली माणसं काढतात आणि एकमेकांना पाठवतात.

ही माणसं स्वतःला संग्राहक म्हणवतात. ठाण्याचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात चाळीसेक घड्याळं आहेत आणि त्यातलं एकही चालत नाही. टोल्यांनी बायकोची झोपमोड होते म्हणून सगळी बंद. बंद तर बंद, पण सगळ्यांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर, कारण फोटोत तसं छान दिसतं. आलेल्या पाहुण्याला ते एकेका घड्याळापुढे उभं करतात आणि इतिहास सांगतात. संस्थानिक, गोरे साहेब, आगबोट, लिलाव. त्यातल्या बारा घड्याळांचा इतिहास मला पक्का ठाऊक आहे. ती आमच्या मागच्या गल्लीतल्या सुताराने बनवली आहेत. मी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि पावसाबद्दल बोलू लागले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ती बारा घड्याळं खालच्या रांगेतून सगळ्यात वरच्या रांगेत गेली होती, जिथे माझा हात पोचत नाही.

काल्हेरला नवे टॉवर झाले तेव्हापासून आणखी एक जात निर्माण झाली आहे. एका इंटिरियरवाल्याने मला फोन करून अडीच फूट उंचीचं अँटिक मागितलं. सोफ्याच्या रंगाला जाईल असं हवं, आवाज नको, आणि शनिवारपर्यंत हवं. चालू की बंद, असं मी विचारलं, तर तो म्हणाला की त्याने काही फरक पडत नाही. दुसरा एक जण मोबाइलवर अर्ध्या घड्याळाचा फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, काय येतील? फोटोत फुलीच्या खाचेचे स्क्रू लखलखत असतात. दोनशे वर्षांपूर्वी तसे स्क्रू कुठून आले, असा प्रश्न त्याला पडत नाही. मीही आता विचारत नाही, नुसता अंगठा पाठवतो.

या धंद्यातली मोठी लबाडी म्हणजे जोडकाम. एकाची पेटी, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याची तबकडी, आणि वरून चहाच्या पाण्याने जुनाट केलेला कागद चिकटवायचा. ते पकडायचं तर मागची फळी बघायची. मशीन वर्षानुवर्षं एका जागी बसलेलं असेल तर फळीवर त्याची फिकट सावली उमटलेली असते आणि स्क्रूची भोकं जिथल्या तिथे असतात. सावली एकाची आणि मशीन दुसऱ्याचं असलं की मी घड्याळ मिटून ठेवतो. फळी बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, हे माझ्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्याचा गर्व होता. दुसरा गर्व असा की मी कधी खोटं सांगितलं नाही. डॉक्टरांना नाही, इंटिरियरवाल्याला नाही, कुणालाच नाही. पोटासाठी खोटं बोलायची वेळ फार वेळा आली, पण ज्यांना मी इतकं तुच्छ लेखतो त्यांच्यासाठी जीभ विटाळायची माझी तयारी नव्हती. एकदाच बोललो, आणि त्याचंच हे सांगणं आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर अंजूरहून एका शेठचा फोन आला. माझा तो स्क्रूड्रायव्हर कानाला लावलेला व्हिडिओ फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला होता. घरी एक जुनं घड्याळ आहे, बघून जा, गाडी पाठवतो, असं ते म्हणाले. मी रिक्षाने गेलो.

अंजूरला पूर्वी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती होती. आता गोदामांचे निळे पत्रे आहेत आणि उलट्या तोंडाने उभे असलेले कंटेनर. शेठचा बंगला नवा होता. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, हॉलमध्ये बसलं की उठायला कुणाचा तरी हात लागेल असे सोफे. माणूस पन्नाशीचा, गळ्यात जाड साखळी, बोलायला मोकळा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर घड्याळ निजवलं होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची बायको बसली होती आणि ती माझ्या हातांवरून नजर काढत नव्हती.

मग शेठनी सगळी हकीकत सांगितली. वडील वारले त्याला वर्ष होत आलं होतं. वडिलांच्या मागे हे आणि एक धाकटी बहीण, खारबावला दिलेली. राहिलेल्या जमिनीवर गोदाम उभं करायचं ठरलं होतं आणि त्यासाठी बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायची होती. आमच्याकडे ही रीतच पडली आहे. भावाने एक चांगली साडी घ्यायची, गाडी पाठवायची, आणि बहिणीने रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात जाऊन बापाच्या जमिनीवर पाणी सोडायचं. ती भांडली तर माहेर तुटतं, म्हणून बहुतेक जणी भांडत नाहीत. हीसुद्धा भांडली नव्हती. सही करते म्हणाली, हिस्सा नको म्हणाली. फक्त बाबाचं घड्याळ मला द्या, एवढंच तिचं म्हणणं.

आणि नेमकं हेच शेठच्या घशाखाली उतरत नव्हतं.

“जमीन सोडते आनि घड्याळ मागते,” ते मला म्हणाले. “येडी न्हाय ती. सातवी शिकलेली हाय. आमच्या घरात तेवढं कोनी न्हाय शिकलं. त्यात काय तरी असनारच.”

बायकोने मान हलवली. त्यांनी मोबाइलवर बघितलं होतं, परदेशात कुणाचं तरी घड्याळ अफाट किमतीला गेलं होतं. बहिणीच्या मुलाकडेही मोबाइल होता, म्हणजे तिलाही ते कळलेलं असणार. आता मी बघून सांगायचं. घड्याळात काही नसेल तर बहिणीला द्यायला त्यांची ना नव्हती. काही असेल तर मग विचार करावा लागेल.

मला त्या माणसाची शिसारी आली. बिघ्याने मोजायची जमीन बहिणीने सोडली ते त्याला रीतीप्रमाणे वाटलं आणि तिने एक घड्याळ मागितलं तर त्यात कपट दिसलं. माझे ठाण्याचे डॉक्टर निदान स्वतःला तरी फसवतात. मी हत्यारांची पिशवी उघडली.

घड्याळ आठकोनी तोंडाचं होतं, खाली लंबकाची लहान पेटी आणि तिला काचेचं दार. जपानी बनावटीचं, आपल्याकडे एके काळी शाळांतून आणि दुकानांतून असायचं तसलं. दार उघडलं, लंबक उतरवला, काटे काढले, तबकडी काढली, मशीन सोडवलं. माझी सवय आहे, बघता बघता मी मोबाइलवर फोटो काढत जातो, म्हणजे पुढे कुणी वाद घालू नये. त्या दिवशी चौदा फोटो काढले. स्क्रू मूळचे, सरळ खाचेचे. भोकं जिथल्या तिथे. फळीवर मशीनची सावली अगदी बरोबर. लंबक जिला लटकतो ती पट्टी तेवढी बदललेली, आणि ती बघून मला हसू आलं. लूमच्या फणीतली पात होती ती. फणी म्हणजे ज्यातून ताण्याचे धागे जातात, तिच्यात अशा पातळ पोलादी पाती बसवलेल्या असतात. भिवंडीतले जुने मिस्त्री घड्याळाची पट्टी तुटली की तीच घासून लावायचे. संग्राहक ती बघून नाक मुरडतात. मला ती घरच्या माणसासारखी वाटते.

फळीच्या खालच्या भागात, लंबकाच्या मागे, पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. वरपासून खालपर्यंत, एकाखाली एक, बारीक शब्द आणि पुढे आकडे. कुठे पेन्सिल ठळक, कुठे पुसट. पोराटोरांनी केलेला उद्योग असावा असं समजून मी पुढे गेलो. मला स्क्रूची भोकं बघायची होती.

मशीन परत बसवलं, घड्याळ उभं धरून लंबक हलवला आणि स्क्रूड्रायव्हर कानामागे लावून ऐकलं. चाल थोडी जड, पण निरोगी. थोडक्यात, डॉक्टरांच्या चाळीस घड्याळांपेक्षा हे एक घड्याळ सरळ होतं. अफाट किमतीचं नव्हे, पण कुणीही जाणता माणूस हसत घेऊन गेला असता. तसं मी सांगितलं असतं तर ते त्याच भिंतीवर लागलं असतं, मोठ्या टीव्हीच्या शेजारी, आणि बहिणीला साडी मिळाली असती. म्हणून मी ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगायचं, आणि असं सांगायचं की या माणसाने पुन्हा त्या घड्याळाकडे बघता कामा नये.

ठरवल्यावर मी रंगात आलो, हे कबूल केलं पाहिजे. “शेठ, हे घड्याळ नाही, भंगार आहे,” असं म्हणून सुरुवात केली. पेटी आतून पोकळ झाली आहे म्हणालो. मशीन झिजलं आहे, कुठल्या तरी मिस्त्रीने त्यात लूमची पात कोंबली आहे, कुणी फुकट दिलं तरी मी दुकानात ठेवणार नाही. आणि शेवटी फळीवर बोट आपटून म्हणालो, “हे बघा, पोरांनी गिरगटून ठेवलंय. एवढी घाण केलेली फळी मी आजपर्यंत बघितली नाही.”

बायकोने सुटकेचा श्वास टाकला. शेठचं तोंड उतरलं, मग लगेच सावरलं. मला वाटलं काम झालं. माझी फी मी घेतली नाही. परत येताना रिक्षात मी स्वतःवर फार खूष होतो. एका बाईला तिच्या बापाची वस्तू मिळवून दिली होती आणि एका लोभी माणसाला त्याच्याच टेबलावर बनवलं होतं.

पंधरा दिवसांनी शेठचा पुन्हा फोन आला. आवाजात प्रेम होतं. सही झाली होती, आणि माझे आभार मानायला त्यांनी फोन केला होता. मी विचारलं, ताईंना घड्याळ पोचलं का? तर ते म्हणाले, दिलं की, मोठं दिलं. सोनेरी मोराचं, दर तासाला वेगळी धून वाजते, रात्री आपोआप गप्प बसतं. ऑफिसातून सही करून बाहेर आल्यावर गाडीतच तिच्या मांडीवर ठेवलं.

मी जुन्याचं विचारलं.

“ते भंगारवाल्याला दिलं,” शेठ म्हणाले. “तुमी सांगितलं ते बरं झालं. बहिनीला म्हायेरातून भंगार दिलं असतं तर खारबावात आमचं नाव काय ऱ्हायलं असतं?”

ते मनापासून बोलत होते. मी त्यांना लोभी समजून चाललो होतो आणि ते होतेही, पण लोभाच्या शेजारीच त्यांची इभ्रत बसलेली होती, तिचा हिशेब मी धरलाच नव्हता. घड्याळ किमती असतं तर लोभाने दिलं नसतं. बिनकिमती निघालं तर इभ्रतीने देऊ दिलं नाही. बहिणीला ते कुठल्याच वाटेने मिळणार नव्हतं, आणि ते भंगारात टाकायचा शब्द मात्र माझ्या तोंडून गेला होता. मी फोन ठेवला आणि स्वतःला अशा शिव्या दिल्या की शेजारच्या लूमवरचा कारागीर डोकावून बघून गेला.

भंगारवाल्याचा पत्ता काढायला दोन दिवस लागले. अंजूरचा माल तो आमच्याच भिवंडीत आणून टाकत होता. फ्रीजची दारं आणि सायकलींच्या ढिगात तो बसला होता. घड्याळ त्याला चांगलं आठवत होतं. “मशीन पीतल का है, वो रखा है,” तो म्हणाला. “लकड़ी तो साइजिंग में गई.” साइझिंग म्हणजे जिथे सुताला खळ लावतात तो कारखाना, आणि तिथल्या बॉयलरला लाकूड कितीही लागतं. मी त्या कारखान्याच्या दारापर्यंतही गेलो नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मशीन वाचलं होतं, लंबक वाचला होता, टोल्याची तार वाचली होती. माझ्या लेखी घड्याळ वाचलं होतं. पेटी काय, माझ्या माळ्यावर तसल्या चार पडल्या होत्या.

पुढचा आठवडा मी त्या घड्याळावर घालवला. मशीन धुतलं, तेल दिलं, ती फणीची पात मुद्दाम तशीच ठेवली. त्याच घडणीची आठकोनी पेटी माळ्यावरून काढून पुसली, जुनी तबकडी भंगारात चेपली होती म्हणून दुसरी जुनीच बसवली. ज्या कामाची मी जन्मभर थट्टा केली ते मी स्वतःच्या हाताने करत होतो, आणि इतकं सफाईने केलं की डॉक्टरांना दहा वेळा फसवता आलं असतं. मग एका रविवारी सकाळी ते चादरीत गुंडाळून खारबावला घेऊन गेलो.

ताईंचं घर स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. दोन खोल्या, पुढे शेवग्याचं झाड. त्या पंचेचाळिशीच्या असतील, भावासारखंच रुंद कपाळ. मी कोण ते सांगितलं तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळलं.

“भंगार म्हननारे तुमीच ना?”

मी हो म्हणालो. मग पटापट सगळं सांगितलं. मी मुद्दाम खोटं बोललो, घड्याळ चांगलं होतं, ते तुमच्याकडे यावं म्हणून मी तसं म्हणालो. मला वाटलं त्यांचा चेहरा बदलेल. तो बदलला नाही.

“माझ्यासाठी खोटं बोललात,” त्या म्हणाल्या, “तर आधी मला इचारायचं होतं, भाऊ. खारबाव काय लांब हाय?”

मी चादर सोडली. भिंतीवर एक नवा, लांब खिळा ठोकलेला होता आणि त्यावर काहीच टांगलेलं नव्हतं. मोराचं घड्याळ खोक्यासकट पलंगाखाली होतं. मी माझं घड्याळ त्या खिळ्याला अडकवलं, चावी दिली, लंबक हलवला. ते चालू लागलं. तिथे लूम नव्हते, त्यामुळे टिकटिक साऱ्या खोलीत ऐकू येत होती. ताई घड्याळासमोर उभ्या राहिल्या, काचेचं दार उघडलं, एका बोटाने लंबक बाजूला धरला आणि आत वाकून बघितलं. मी घड्याळ कसं बघतो तसं. क्षणभरच.

“ही ती फळी न्हाय,” त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

मी समजावू लागलो. पेटी गेली, पण मशीन तेच आहे, खरं घड्याळ म्हणजे मशीन. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग खुर्चीवर बसून, माझ्याकडे न बघता, सांगितलं.

त्यांचा बाप खाडीच्या बांधावरची उघाडी, म्हणजे पाणी अडवायचं दार, सांभाळायचा. भरती आली की उघाडी लावायची, नाहीतर खारं पाणी भातात शिरतं. ओहोटीला उघडायची. सातवीनंतर मुलीला शाळेतून काढली, कारण पुढची शाळा लांब होती. बापाने काढली नाही, घरातल्यांनी काढली, पण बाप बोलला नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी तो तिला घड्याळापुढे बसवायचा, हातात पेन्सिल द्यायचा आणि सांगायचा, लिही. आज तिथी कुठली आणि भरती किती वाजता. ती फळीवर लिहायची. जागा संपली की तो ओल्या फडक्याने जुन्या ओळी पुसायचा आणि पुन्हा वरून सुरुवात. लग्न होईपर्यंत हे चाललं. लग्नाच्या आदल्या महिन्यातल्या ओळी मात्र त्याने पुसल्या नाहीत. पंचवीस वर्षांत फळीला फडकं लावू दिलं नाही.

“बाबाला भरती पाठ होती,” त्या म्हणाल्या. “त्याला वाचायला पन येत नव्हतं. माझं अक्षर जाऊ नये म्हनून लिहायला लावायचा. मशीन दोनदा बदललं असंल त्यानं. मशीनचं काय एवढं.”

मी शेठच्या टेबलावर त्याच अक्षरांवर बोट आपटून घाण म्हणालो होतो. भोकं बघितली होती, सावली बघितली होती, आणि त्या सावलीवरून मशीन मूळचंच आहे अशी मनोमन ग्वाही दिली होती, तीही चुकीची निघाली. फळी बघितल्याशिवाय तोंड न उघडणारा मी. तिच्यावर लिहिलेलं वाचावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने, जणू त्यासाठीच त्या इतका वेळ थांबल्या होत्या.

“शेवटी तुमीच बघितली ती. शेवटची ओळ कंची होती, भाऊ? वाचलीत ना?”

मी नाही म्हणालो. मग आठवलं आणि घाईघाईने मोबाइल काढला. चौदा फोटो. स्क्रू, स्क्रू, मशीनचा नंबर, भोक, पुन्हा स्क्रू. शेवटून दुसऱ्या फोटोत फणीची पात होती, जवळून घेतलेली, तिचा घासलेला काठ दाखवायला. तिच्या मागे, धूसर, फळीचा एक तुकडा आला होता. ताईंनी मोबाइल घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि डोळ्यांजवळ नेला.

“अष्टमी,” त्यांनी वाचलं.

पुढचा आकडा पातीच्या मागे झाकला गेला होता. तो त्यांनी मला फोटोकडे न बघता, पाठ असल्यासारखा सांगितला. मग नवमीचा सांगितला, दशमीचा सांगितला, आणि अमावास्येपर्यंत जाऊन थांबल्या. मोबाइल माझ्या हातात परत दिला. घड्याळही खिळ्यावरून स्वतःच उतरवलं, लंबक काढून वेगळा बांधला, जसा बांधायला हवा तसा, आणि चादरीत गुंडाळून माझ्याकडे दिलं. तो फोटो मुलाच्या मोबाइलवर पाठवायला सांगितला. मी तिथे उभ्या उभ्याच पाठवला.

ते घड्याळ आता माझ्या गाळ्यात आहे. येणाऱ्या प्रत्येक संग्राहकाची नजर आधी त्याच्यावरच जाते. ठाण्याचे डॉक्टर दोनदा त्याच्यापुढे उभे राहिले, किती जुनं, किती अस्सल, असं म्हणाले आणि मागू लागले. मी त्यांना दार उघडून आतली कोरी फळी दाखवली आणि सांगितलं की हे जोडकाम आहे, मी केलेलं.